एका केरीवर टिक, तिन्ही केरी सिलेक्ट: मल्टिसिलेक्ट ड्रॉपडाऊन दुरुस्तीच्या नोंदी

२१ जुलै २०२५, सोमवार

तक्रार अशी आहे. गोव्यातल्या आमच्या मंडळाच्या घुमट आरती (घुमट हे मातीचं वाद्य वाजवून म्हटली जाणारी आरती) स्पर्धेच्या नोंदणी फॉर्ममध्ये पथकातली मुलं कुठकुठल्या गावची ते निवडायचं असतं, एकापेक्षा जास्त गावं निवडता येतात, आणि त्या यादीत केरी तीनदा आहे. कुठल्याही एका केरीवर टिक केली की तिन्हींवर टिक येते, एक काढायला गेलं की तिन्ही जातात. मंडळाचे सेक्रेटरी, आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणतो, त्यांना सत्तरीतल्या एका पथकप्रमुखाने फोनवर सांगितलं, "आम्ही घाटाखालची माणसं, तुमचा फॉर्म आम्हाला समुद्रावर नेऊन बसवतो."

बरोबरच बोलले ते. पेडण्यातली केरी तेरेखोल नदीच्या मुखाशी, जिथून फेरीबोटीने पलीकडे किल्ल्याच्या बाजूला जातात. सत्तरीतली केरी अंजुणे धरणाकडे, चोर्ला घाट चढायच्या आधी. आणि फोंड्यातली ती विजयादुर्गेची केरी. बोलताना आपण तालुका जोडूनच बोलतो त्यामुळे माणसांचा कधी घोटाळा होत नाही. आणि हे फक्त केरीचंच नाही, खोर्ली म्हापशालाही आहे आणि तिसवाडीतही आहे.

मास्तर पथकांच्या वेळा तालुका बघून लावतात, लांबून येणाऱ्यांना दुपारची वेळ देतात म्हणजे मुलांना घेऊन रात्री पावसातून परत जायला नको. गाव चुकलं की वेळ चुकली. त्यामुळे हे नुसतं दिसायला वाईट एवढ्यावर सोडून देण्यासारखं नाहीये.

ब्राऊझरच्या नेटवर्क टॅबमध्ये बघितलं तर सबमिट केल्यावर गावाची फील्ड तीनदा जाते, तीन वेगवेगळे गाव-कोड घेऊन. म्हणजे यादीचा डेटा बरोबर आहे, प्रत्येक केरीला स्वतःचा कोड आहे, घोळ ड्रॉपडाऊनच्या आत आहे. हा ड्रॉपडाऊन ज्या ओपन सोर्स लायब्ररीतला (सगळ्यांना खुल्या असलेल्या तयार कोडच्या संचातला) आहे तिच्यात मी अधूनमधून काम करतो, त्यामुळे दुरुस्ती तिथेच करायची ठरवली.

नोंदणी चालू आहे म्हणून आज रात्रीच फॉर्ममधली लेबलं बदलून "केरी (सत्तरी)", "केरी (पेडणे)" अशी केली. पुढच्या पथकांचं काम अडायला नको. पण हा फक्त आमच्या फॉर्मपुरता आडोसा आहे, ही लायब्ररी वापरणारा दुसरा कोणी उद्या एकाच नावाची दोन माणसं यादीत घालेल तेव्हा त्याचंही हेच होणार.

२२ जुलै

सगळं बाजूला काढून एक कोरं पान केलं, त्यात फक्त हा ड्रॉपडाऊन आणि चार पर्याय: केरी, केरी, केरी, मडकई. चौघांच्या व्हॅल्यू, म्हणजे सर्व्हरला जाणारे कोड, वेगळ्या. बग लगेच दिसला. सर्च बंद केला तरी दिसतो, ग्रुप काढले तरी दिसतो, स्टाईलशीट काढली तरी दिसतो. छान, म्हणजे गाभ्यातच आहे आणि पकडायला सोपा आहे.

कोड वाचला. कंपोनंट, म्हणजे हा ड्रॉपडाऊन, आत एक ॲरे (यादी) ठेवतो, काय काय निवडलंय त्याचा, आणि त्या ॲरेत जातं ते पर्यायाचं लेबल, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा मजकूर. यादीतली प्रत्येक ओळ काढताना तो विचारतो, माझं लेबल या ॲरेत आहे का? असेल तर टिक. तीन ओळींचं लेबल एकच, त्यामुळे तिघींना उत्तर "हो" असंच मिळतं. वर्गात तीन गणेश असताना हजेरी नुसतं "गणेश" म्हणून घेतल्यासारखं आहे हे, एकाने ओ दिली की तिघेही हजर.

काढतानाही तेच. "हे लेबल सोडून बाकीचे ठेव" असा फिल्टर लावलेला आहे, त्यामुळे तिन्ही एकदम जातात.

आणि तिसरी जागा जास्त वाईट. फॉर्म सबमिट व्हावा म्हणून कंपोनंट मागे एक खरा, लपवलेला सिलेक्ट ठेवतो, मल्टिपल ॲट्रिब्यूट लावलेला. ॲरे बदलला की त्या सिलेक्टच्या सगळ्या ऑप्शन्सवरून फिरून लेबल जुळेल तिथे सिलेक्टेड खरं करतो. आता फॉर्म सबमिट होताना ब्राऊझर प्रत्येक निवडलेल्या ऑप्शनसाठी एकेक जोडी पाठवतो, नाव तेच, व्हॅल्यू वेगळी, म्हणून सर्व्हरला तीन केरी मिळतात. सर्व्हरच्या बाजूने बघितलं तर यात चूक काहीच दिसत नाही, तीन वैध कोड आले, त्याने तीन वैध कोड ठेवले. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये काही नाही. म्हणूनच हा बग इतके दिवस कोणाला दिसला नसणार, ज्याच्या यादीत दोन नावं सारखी नाहीत त्याला तो कधी भेटतच नाही.

२३ जुलै

गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा) इतिहास चाळला, लेबल का घेतलं ते समजून घ्यायचं होतं. आधी हा ड्रॉपडाऊन एकच पर्याय निवडणारा होता आणि तेव्हा आत इंडेक्स ठेवलेला होता, यादीतला कितवा तो आकडा. मग मल्टिसिलेक्ट आलं आणि त्याच सुमारास सर्चही आला. सर्च केल्यावर यादी छोटी होते, जो बारावा होता तो दुसरा होतो, इंडेक्सचा अर्थच बदलतो. म्हणून लेबल घेतलं गेलं, कारण लेबल सर्चने बदलत नाही. कारण अगदी समजण्यासारखं आहे. फक्त लेबल बदलत नसलं तरी ते एकमेव असतं असं नाही, आणि इथे नेमकं तेच हवं होतं.

कोणीतरी विचारेल की सरळ ब्राऊझरचा साधा सिलेक्ट का नाही वापरत. आम्ही सुरुवातीला तोच लावला होता. डेस्कटॉपवर त्यात कंट्रोल दाबून ठेवून क्लिक करावं लागतं, कंट्रोल न दाबता एक क्लिक झाला की आधी निवडलेलं सगळं पुसलं जातं. मंडळातल्या ज्येष्ठ मंडळींनी सहा गावं निवडून सातव्याला सगळी घालवली आणि मग कागदावर लिहून आणून दिली. शिवाय जावास्क्रिप्टमधून त्या सिलेक्टची व्हॅल्यू मागितली तर तो फक्त पहिल्या निवडलेल्या ऑप्शनची देतो, सगळ्या हव्या असतील तर सिलेक्टेड-ऑप्शन्समधून घ्याव्या लागतात. उलट व्हॅल्यू सेट करायला गेलं तर बाकीच्या सगळ्या सुटतात. हे सगळं स्टँडर्डप्रमाणेच आहे, ब्राऊझरची काही चूक नाही, पण टिक लावायच्या यादीची गरज आहेच.

२५ जुलै

लायब्ररीकडे इश्यू (बगची नोंद) लिहिला, कोऱ्या पानाची लिंक जोडली. लायब्ररी सांभाळणाऱ्या मेंटेनरताईंचं उत्तर दुपारीच आलं. त्या म्हणाल्या, बग मान्य, पण लेबलऐवजी व्हॅल्यू घेतली तर ज्यांनी व्हॅल्यूच दिलेली नाही त्यांचं काय करायचं?

प्रश्न चांगला आहे. एचटीएमएलमध्ये याचं उत्तर आधीपासून आहे: ऑप्शनला व्हॅल्यू ॲट्रिब्यूट नसेल तर त्याचा मजकूर हीच त्याची व्हॅल्यू धरली जाते, पुढच्या-मागच्या स्पेस काढून आणि मधल्या एकत्र करून. आपणही तसंच वागावं असं मी लिहिलं. म्हणजे ज्यांनी फक्त मजकुरांची यादी दिलीय त्यांचं काहीच बदलणार नाही. आणि अशा यादीत दोन मजकूर सारखे आले तर डेव्हलपमेंट मोडमध्ये कन्सोलवर स्पष्ट इशारा द्यायचा, अमुक "की" (पर्यायाची ओळख) दोनदा आली आहे, प्रत्येकाला वेगळी व्हॅल्यू द्या. गपचूप काहीतरी करून टाकण्यापेक्षा हे बरं. ताईंना पटलं.

संध्याकाळी फोंड्यात लाईट गेली ती रात्री उशिरा आली, आज कोड काही झाला नाही.

२७ जुलै, रविवार

आज मोठं काम झालं. लेबलांचा ॲरे पूर्ण काढून टाकला. आता आत एक मॅप (जोड्यांची यादी) आहे, "की" म्हणजे पर्यायाची ओळख आणि त्यासमोर तो अख्खा पर्याय, आणि टिक, काढणे, लपवलेला सिलेक्ट, वरच्या चिप्स (निवडलेल्या पर्यायांचे छोटे तुकडे), सगळे या एकाच मॅपला विचारतात. आधी चार ठिकाणी चार वेळा तुलना होत होती, ती आता एकाच फंक्शनमध्ये होते. मॅप घेतला कारण त्यात ज्या क्रमाने घातलं तो क्रम राहतो, चिप्स निवडल्या त्याच क्रमाने दिसायला हव्यात.

टेस्ट चालवल्या तर नवीन टेस्ट पास आणि जुनी एक फेल: पान उघडताना आधीपासून निवडलेले पर्याय दिसत नव्हते. याचं कारण शोधताना वेळ गेला पण शोध चांगला लागला. सर्व्हरकडून जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या एका स्वरूपात) गाव-कोड आकडा म्हणून येतो. डॉममधून, म्हणजे ब्राऊझरमधल्या पानाच्या रचनेतून, डेटा-ॲट्रिब्यूट वाचलं की ते नेहमी स्ट्रिंग (मजकूर) असतं. मॅप आणि सेट यांच्यासाठी आकडा ४१७ आणि स्ट्रिंग "४१७" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते स्वतःहून काही बदलून बघत नाहीत. आधी लेबलांची तुलना होती, लेबल दोन्हीकडे मजकूरच, म्हणून हे कधी वर आलंच नव्हतं.

उपाय दोन होते. एक म्हणजे तुलना करताना सैल तुलना करायची, ते मला नको होतं, त्यात रिकामी स्ट्रिंग आणि शून्य सारखे ठरतात आणि "काहीही नाही" असा पर्याय असणाऱ्या यादीत नवा बग तयार होतो. दुसरं म्हणजे वेशीवरच, आत येताना, "की" एकदाच स्ट्रिंग करून घ्यायची आणि आत सगळीकडे स्ट्रिंगच वापरायची, बाहेर देताना मात्र वापरणाऱ्याने जी व्हॅल्यू दिली होती तीच, आकडा असेल तर आकडा, परत द्यायची. दुसरं केलं. ज्यांची व्हॅल्यू अख्खं ऑब्जेक्ट असते त्यांच्यासाठी "की" काढून देणारं फंक्शन देता येईल अशी सोय ठेवली, कारण ऑब्जेक्टची सरळ स्ट्रिंग केली की सगळ्यांची एकसारखीच होते आणि आपण परत तिन्ही केरींवर.

३० जुलै

संध्याकाळी पणजीच्या मित्राकडे गेलो. त्याला दिसत नाही, तो स्क्रीनरीडरवर सगळं काम करतो आणि कुठल्याही वेबसाईटचं खरं स्वरूप त्याच्याकडे बसल्यावर कळतं असं माझं मत आहे. दुरुस्त केलेली आवृत्ती लावून दिली. त्याने ड्रॉपडाऊन उघडला, खालचा बाण दाबला. "केरी." परत बाण. "केरी." परत. "केरी." मग स्पेस दाबली आणि थांबला. म्हणाला, "बाबा, मी तिसऱ्यावर आहे ना? मग ही पहिलीच का सांगतेय, आणि निवडलं तर निवडलं असं का नाही बोलत?"

स्क्रीनवर टिक तिसऱ्या केरीवर आली होती, अगदी बरोबर. पण त्याच्या कानाला ते कळत नव्हतं. त्याच्याकडेच बसून डॉम उघडला. फोकस सर्च बॉक्समध्येच राहतो आणि ॲरिया-ॲक्टिव्हडिसेंडंट या ॲट्रिब्यूटमध्ये सध्याच्या ओळीचा आयडी लिहिलेला असतो, त्यावरून स्क्रीनरीडरला कळतं कुठली ओळ वाचायची. आणि आयडी काय होता? "ऑप्शन" आणि त्यापुढे लेबल. तिन्ही ओळींचा आयडी एकच! एका पानावर एक आयडी एकदाच असायला हवा, दोनदा आला की शोधणाऱ्याला पहिलाच सापडतो. म्हणजे तो कितीही खाली गेला तरी वाचली जात होती पहिली केरी, आणि तिच्यावर टिक नव्हतीच.

म्हणजे व्हॅल्यूकडे वळल्यावर डोळ्यांनी बघणाऱ्याचा बग गेला होता आणि याचा तसाच होता. शिवाय लेबलमध्ये स्पेस असली की आयडीतही स्पेस येत होती, तेही चालत नाही, काही ॲरिया ॲट्रिब्यूट स्पेसने तोडून अनेक आयडी वाचतात.

आयडी आता लेबलवरून बनवतच नाही. कंपोनंटचा स्वतःचा एक क्रमांक आणि पर्यायाचा मूळ यादीतला क्रमांक, बस. सर्चने यादी छोटी झाली तरी मूळ क्रमांक बदलत नाही.

मग त्यानेच पुढचं सांगितलं, जे माझ्या मते या सगळ्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं: "टिक बरोबर लागली हे ठीक, पण तीनदा केरी ऐकून मला कसं कळणार माझी कुठली?" खरंय. आतली ओळख पक्की झाली तरी माणसाला दोन पर्यायांतला फरक दिसला नाही, ऐकू आला नाही, तर तो अंदाजानेच निवडणार. म्हणून तालुक्याचे ग्रुप लावले, यादीत तालुक्याचं नाव मथळ्यासारखं आणि खाली गावं, ग्रुपला रोल आणि नाव दिलेलं, त्यामुळे ग्रुपमध्ये शिरताना स्क्रीनरीडर "सत्तरी" असं आधी सांगतो आणि मग "केरी". निवडलेल्या चिप्समध्येही बदल केला. आधी प्रत्येक चिपच्या फुलीचं नाव "केरी काढा" असं होतं, दोन केरी निवडल्या तर दोन सारखी बटणं. आता लेबल दुहेरी असेल तेव्हा ग्रुपचं नावही जोडून येतं, "केरी, सत्तरी, काढा". लेबल एकमेव असेल तिथे नाही जोडत, उगाच प्रत्येक वेळी लांबलचक ऐकायला लावायचं नाही.

परत येताना फोंड्यापर्यंत बसमध्ये उभा होतो पण डोक्यात हेच चालू होतं.

२ ऑगस्ट

दुसरा बग, पहिल्याचा सख्खा भाऊ. मडकई निवडा, मग सर्चमध्ये "के" टाईप करा, केरी निवडा, सबमिट करा. मडकई गायब. चिप वर दिसतेय पण सर्व्हरला जात नाही.

लपवलेला सिलेक्ट दर वेळी दिसणाऱ्या यादीवरून नव्याने बनवला जातो आणि सर्च चालू असताना मडकई दिसणाऱ्या यादीत नाही, म्हणून ऑप्शनच नाही, म्हणून जातही नाही. सर्च पुसून सबमिट केलं तर सगळं नीट जातं, त्यामुळे काही लोकांना हा बग दिसतो आणि काहींना नाही, अशा तक्रारींवर सहसा "माझ्याकडे तर चालतंय" हेच उत्तर मिळतं. दिसणारी यादी आणि निवडलेली यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरी कधीच बनवायची नाही, असं कोडमध्ये मोठ्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवलं. लपवलेला सिलेक्ट आता फक्त मॅपवरून बनतो.

याच्याच मागून एक निर्णय आला: सर्च चालू असताना कंट्रोल-ए दाबलं तर काय निवडायचं, सगळी गावं की दिसणारी? आम्ही दिसणारीच ठरवलं. माणसाने डोळ्यांसमोर जे नाही ते आपण त्याच्या वतीने निवडू नये.

५ ऑगस्ट

छोटं काम. फोनेटिक कीबोर्डने मराठी टाईप करताना शब्द पक्का करायला लोक एंटर दाबतात, आणि ड्रॉपडाऊनला वाटतं पर्याय निवडला. कीडाऊन इव्हेंटमध्ये इज-कंपोझिंग (शब्द अजून पक्का व्हायचाय ही खूण) खरं असेल तर आता आम्ही त्या एंटरकडे बघतच नाही. बॅकस्पेसचंही तसंच, अक्षर खोडताना शेवटची चिप उडायला नको. इंग्रजीत टाईप करून टेस्ट करणाऱ्याला हे कधीच सापडणार नाही, म्हणून लायब्ररीच्या टेस्टमध्ये देवनागरी टायपिंगची एक टेस्ट कायमची घातली.

९ ऑगस्ट, शनिवार

ताईंचा रिव्ह्यू आला. भरपूर कॉमेंट, सगळ्या कामाच्या. एक म्हणजे रिसेट. फॉर्मचं रिसेट बटण दाबलं की लपवलेला सिलेक्ट मूळ स्थितीत जातो पण आमचा मॅप तसाच राहतो, म्हणजे चिप्स दिसतात आणि सिलेक्ट रिकामा. रिसेट इव्हेंट ऐकून मॅप परत भरायचा एवढंच, पण त्यातही गंमत अशी की रिसेट इव्हेंट आधी येतो आणि फील्ड्स त्यानंतर बदलतात. त्या क्षणी सिलेक्ट वाचला तर जुनंच मिळतं. मायक्रोटास्कमध्ये (चालू काम संपताच पळणाऱ्या छोट्या कामात) ढकलून चालेल असं वाटेल, आणि कोडमधून रिसेट केलं तर चालतंही, पण माणसाने खरंच बटण दाबलं तर मायक्रोटास्क इव्हेंट हँडलर संपल्याबरोबर पळतो, फील्ड बदलायच्या आधीच. म्हणून टाईमआऊट शून्य (त्यानंतर पळणारं काम) लावला. टेस्टमध्ये दोन्ही वाटा घातल्या आहेत, कोडमधून रिसेट आणि खऱ्या ब्राऊझरमध्ये बटणावर क्लिक.

दुसरी कॉमेंट मोठी. बदल झाल्यावर कंपोनंट जो कॉलबॅक (वापरणाऱ्याच्या कोडला हाक) देतो त्यात आतापर्यंत लेबलांचा ॲरे जायचा. आपण व्हॅल्यू दिल्या तर ज्यांचा कोड लेबलांवर अवलंबून आहे तो मोडेल. माझं म्हणणं होतं की कॉलबॅकला दुसरा पॅरामीटर द्यावा आणि पहिला तसाच ठेवावा. ताईंचं म्हणणं, लेबलांचा ॲरे तसाच ठेवला तर लोक तोच वापरत राहतील आणि दोन केरी आल्या की त्यांच्या बाजूला तोच घोळ होईल, त्यापेक्षा मेजर व्हर्जन (जुना कोड मोडू शकणारी नवी मोठी आवृत्ती) वाढवू आणि स्वच्छ करू. बराच वेळ चर्चा झाली. शेवटी मला त्यांचं पटलं. कॉलबॅकमध्ये आता पूर्ण पर्याय जातात, व्हॅल्यू, लेबल आणि ग्रुप तिन्ही, ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं, आणि हा बदल मेजर व्हर्जनमध्येच. जुन्या व्हर्जनमध्ये मात्र टिक, आयडी, सर्च आणि रिसेटच्या दुरुस्त्या पॅच म्हणून द्यायच्या, कारण त्याने कोणाचं काही मोडत नाही.

१३ ऑगस्ट

मर्ज झालं, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये गेला. पॅच रिलीज संध्याकाळी गेला. चेंजलॉगमध्ये (बदलांच्या यादीत) मी आग्रहाने एक परिच्छेद घातला की ज्यांच्या यादीत सारख्या नावाचे पर्याय आहेत त्यांनी आधी साठवलेला डेटा तपासून घ्यावा, कारण कोड दुरुस्त झाला तरी आधी चुकीचं साठवलेलं आपोआप दुरुस्त होत नाही.

१६ ऑगस्ट

स्पर्धेच्या फॉर्मवर नवीन व्हर्जन लावलं, कंसातली तात्पुरती लेबलं काढली, ग्रुप लावले. चवथ (गणेश चतुर्थी) २७ तारखेला आहे, त्याआधी जुन्या नोंदी निस्तरायला हव्यात.

हे कामच कठीण आहे. डेटाबेसमध्ये ज्यांच्याकडे तिन्ही केरी आहेत त्यांच्यापैकी खरी कुठली ते डेटावरून कळायला मार्गच नाही. पत्त्यावरून अंदाज बांधता येईल असं कोणीतरी सुचवलं, पण पथकप्रमुख म्हापशात राहतो आणि मुलं गावची असं सर्रास असतं. खोर्लीवाल्यांचंही तसंच. म्हणून मी आणि मास्तर फोन घेऊन बसलो, मास्तर विचारायचे, मी समोर नोंद उघडून बदलायचो. एका पथकात खरंच दोन केरींची मुलं निघाली, फोंड्यातली आणि सत्तरीतली, मामेभाऊ आहेत म्हणून एकत्र वाजवतात, एकजण घुमट आणि दुसरा शामेळ हे वाद्य. ती नोंद अंदाजाने "दुरुस्त" केली असती तर एका मुलाचं गाव आम्हीच पुसलं असतं. प्रत्येक बदलाच्या बाजूला कोणाला विचारून बदललं ते लिहून ठेवलं, मूळ नोंदही वेगळी ठेवली आहे.

वेळापत्रक मास्तरांनी नव्याने लावलं, काही पथकांच्या वेळा खरंच बदलल्या.

२० ऑगस्ट

मेजर व्हर्जनचा बीटा (चाचणी आवृत्ती) लोकांच्या हातात गेलाय. एका हॉटेलच्या बुकिंग पानावर काम करणाऱ्याचा प्रश्न आला, त्याच्याकडे खोलीतल्या सोयींची यादी आहे आणि कॉलबॅकमधून येणाऱ्या लेबलांवरच त्याचा सगळा हिशोब चालतो, आता ऑब्जेक्ट येतात म्हणून काही दिसत नाही. त्याला मॅप फंक्शनची एक ओळ लिहून दिली, आलेल्या पर्यायांतून लेबल काढून घ्यायची, आणि जमेल तेव्हा व्हॅल्यूवर या असंही सांगितलं. त्याने यादी तपासली तर "बाल्कनी" दोनदा होती, एक समुद्राकडची आणि एक रस्त्याकडची, आणि दोन्हींचे दर वेगळे. तो आता व्हॅल्यूवरच जातोय. मायग्रेशनच्या पानावर हे उदाहरण त्याच्या परवानगीने घातलं आणि इश्यू बंद केला.